न पेटणारं कापड

ऑक्टोबरमध्ये एक सकाळ अशी येते की घरातलं हीटिंग आपणहून सुरू होतं. भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कुरकुरतात आणि उन्हाळाभर त्यांवर साठलेली धूळ जळल्याचा बारीक वास खोलीभर पसरतो. थोडा वेळच असतो तो. खिडकी उघडली की जातो. यंदाही आला, गेल्या आठवड्यात. मी चहा गाळत होते. मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं, पेपरातून डोकं वर काढलं आणि तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं उठून खिडकी उघडली.

न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीची पानगळ बघायला भारतातून पाहुणे येतात. मेपलच्या झाडांखाली उभं राहून फोटो काढतात, लाल पानं पुस्तकात दाबून घरी नेतात. काय सुंदर, झाडं पेटल्यासारखी दिसतात, असं प्रत्येक जण म्हणतो. मी हो म्हणते. पण २००३ सालापासून हे दिवस आले की पहिली थंडी पडून झाडं पूर्ण उघडी होण्याची मी वाट बघत राहते. रंग ओसरले, की मला मोकळा श्वास घेता येतो.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. आता एकोणीस. या उन्हाळ्यात ती घरी आली होती तेव्हा मी तिला विचारलं, त्या दिवसांबद्दल लिहू का? ती बराच वेळ नखं बघत बसली. मग म्हणाली, "लिही. बट चेंज माय नेम." म्हणून इथं तिचं नाव रेवा आहे.

आम्ही नागपूरचे. मिलिंदच्या नोकरीमुळे इकडे आलो, नंतर मलाही एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम मिळालं. गोळ्या पाण्यात किती वेळात विरघळतात, हे तपासायचं काम. रेवा सहा वर्षांची असताना शेजारच्या मुलीच्या मागे लागून बॅलेच्या क्लासला गेली आणि तिथलीच होऊन गेली. शेजारची मुलगी सहा महिन्यांत कंटाळून सॉकरला निघून गेली.

तो क्लास रूट ४६ या हमरस्त्याला लागून, दुकानांच्या एका लांबट रांगेत होता. एका बाजूला ड्राय क्लीनर, दुसऱ्या बाजूला पिझ्झाचं दुकान. आत शिरलं की बुटांना लावायच्या राळेचा आणि हेअरस्प्रेचा वास यायचा, आणि भिंतीपलीकडून भाजलेल्या चीजचा. त्या मुली तासन्‌तास त्या वासात नाचायच्या. आम्ही आया बाहेरच्या बाकावर बसून काचेतून बघायचो. मला भूक लागायची. मुलींपैकी कोणी भूक लागली म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यांच्या बाई होत्या मिस रूथ. सत्तरीच्या, पाठ ताठ, एका खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हातात काठी असायची, पण तिच्यावर त्या कधी रेलायच्या नाहीत. जमिनीवर आपटून ताल धरायला वापरायच्या. तरुणपणी त्या कुठल्याशा बॅले कंपनीत मागच्या रांगेत नाचलेल्या होत्या. मागच्या रांगेतून पुढची जास्त चांगली दिसते, असं त्या हसून सांगायच्या.

सप्टेंबर संपत आला होता. मुली जमिनीवर बसून आपापल्या बुटांना रिबिनी शिवत होत्या. पाऊस होता म्हणून आम्हा आयांनाही आत घेतलेलं होतं. डिसेंबरच्या कार्यक्रमात या वर्षी आपण एका खऱ्या मुलीची गोष्ट नाचून दाखवणार आहोत, असं म्हणून मिस रूथनी सांगायला सुरुवात केली.

एकोणिसाव्या शतकातली पॅरिसची मुलगी. आई नाचणारी. बाप बडा माणूस, पण त्या दोघींना सोडून गेलेला. ही अंगानं काटकुळी, चेहऱ्यानं साधी. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली तेव्हा लोकांनी तिच्या हाडांची टिंगल केली. मग तिनं उडी मारली. ती वर गेली, आणि खाली आली तेव्हा फळीचा आवाजच झाला नाही. टिंगल करणारे गप्प बसले. त्या काळातली एक मोठी नर्तकी नाचणं सोडून शांतपणे राहत होती; या मुलीबद्दल ऐकून ती परत आली, तिला शिकवायला. तिच्यासाठी तिनं एक नाच बसवला. त्यात ही मुलगी फुलपाखरू होती, आणि मशालीच्या ज्योतीकडे ओढलं जाऊन त्या फुलपाखराचे पंख जळत होते.

मिस रूथनी इथं काठी मांडीवर आडवी ठेवली.

"तेव्हा थिएटरात गॅसचे दिवे असायचे," त्या म्हणाल्या, "उघड्या ज्योतीचे. आणि मुलींचे झगे मलमलीचे. किती तरी मुली जळाल्या होत्या. म्हणून कापड तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवून काढायची पद्धत निघाली. ते कापड पेटत नसे. पण ते कडक व्हायचं, पिवळट दिसायचं, हलायचं नाही. या मुलीनं ते घालायला नकार दिला."

"मग?" कोणीतरी विचारलं.

"मग एका तालमीत ती आपल्या प्रवेशाची वाट बघत बसली होती. उठताना तिनं झगा चुरगळू नये म्हणून झटकला. वाऱ्यानं विंगेतली ज्योत हलली. बस."

ती पेटलेल्या कपड्यांनिशी रंगमंचभर धावली. एका बंबवाल्यानं तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं तेव्हा ती लाजेनं जळकं कापडच अंगाशी ओढून घेत होती. पुढे कित्येक महिने ती पालथी पडून होती. जेमतेम विशीत गेली.

 केटी नावाच्या एका मुलीनं विचारलं, "बट व्हाय? तिनं तो सेफ ड्रेस का नाही घातला?"

"कारण तो कुरूप होता," मिस रूथ म्हणाल्या. "आणि अंथरुणावर पडल्यावरही ती हेच म्हणायची म्हणे. परत उभी राहिले तरी तसला झगा घालणार नाही."

मला वाटलं होतं, मुली शहारतील. एखादी रडेल. तसं झालं नाही. त्या सगळ्याजणींनी, सुई हातात धरून, हळूच मान हलवली. त्यांना पटलं होतं. माझ्या मुलीनं तर मानही हलवली नाही. ती मिस रूथकडे अशी बघत होती, जणू कोणीतरी तिच्याबद्दलच बोलत होतं.

ती भूमिका रेवाला मिळाली.

इतक्या वर्षांत त्या क्लासमध्ये ती एकटीच भारतीय मुलगी होती आणि कायम दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत असायची. गाडीत बसल्यावर तिनं मला सांगितलं तेव्हा आवाज अगदी साधा ठेवला होता, पण सीटबेल्ट लावायचाच विसरली. मी रस्त्यातच मिलिंदला फोन केला. संध्याकाळी तो श्रीखंड घेऊन आला. रेवानं एक चमचा खाल्लं, की नुसता चमचा चाटला, आता सांगता यायचं नाही.

मला आगीची भीती बसली. हसू येईल, पण बसली खरी. मिस रूथनी झग्यासाठी नेटचं कापड आणायला सांगितलं होतं. मी दुकानात उभी राहून ताग्यावरचं लेबल वाचलं, दुकानदारणीला विचारलं, आणि तरीही घरी आल्यावर मागच्या लाकडी डेकवर जाऊन त्याचा एक तुकडा चिमट्यात धरला आणि लायटर लावला. कापड भडकलं नाही. आक्रसलं, वितळलं, आणि काळा मणी होऊन खाली पडलं. मी दुसरा तुकडा घेतला.

"तुझी लॅब घरी आली का?" मिलिंद आतून म्हणाला.

काचेच्या दाराआड रेवा उभी होती. मिलिंदचा जुना लोकरीचा स्वेटर घातलेला, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. तिनं दार जरासं सरकवलं. "आई, न्यू जर्सीत गॅस लॅम्प्स नाहीयेत," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. आजूबाजूला पानं पडत होती. ऊन होतं, आणि तिनं स्वेटर घातला होता.

ती लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागली. त्या मुलीचं एक धूसर चित्र तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. जेवताना तिच्याबद्दल बोलायची. "आई, लोक तिला सापळा म्हणायचे. अँड शी वॉज द बेस्ट वन." आपली मुलगी वाचते आहे, इतिहासात रमते आहे, याचं मला कौतुक वाटायचं. बोलत असताना तिच्या ताटातली पोळी बारीक-बारीक होत जायची. पोळीचा तुकडा, मग त्याचा तुकडा, मग त्याचाही.

आणि त्या ऑक्टोबरात आमचं घर सतत केकच्या वासानं भरलेलं असायचं. रेवाला स्वयंपाकाचा नाद लागला होता. शाळेतून आली की ओव्हन. ब्राउनी, केळ्याचा केक, एकदा तर तिनं आजीला नागपूरला फोन करून पुरणपोळी विचारून घेतली आणि केली. समोर बसून आम्हाला खायला घालायची. "बाबा, अजून एक." मिलिंदच्या पँटी घट्ट झाल्या. ऑफिसात तो डबे भरभरून न्यायचा; माझी मुलगी करते, म्हणून सांगायचा. आम्ही खात असताना ती कट्ट्याला टेकून उभी असायची. हल्ली ती बसायचीच नाही, हे कोणाच्या लक्षात येणार? नाचणारी मुलगी उभीच असते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दरवर्षी एडिसनला जमतो. तिथल्या वंदनाताईंच्या घराच्या बेसमेंटमध्ये. नागपूर, चंद्रपूर, अमरावतीकडची घरं, सगळे पांढऱ्या कपड्यांत, पोरंटोरं जिन्यावर. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावायला त्या वर्षी रेवाला पुढे बोलावलं. तिची ओढणी लांब होती. बुद्धवंदना सुरू झाली तरी माझं लक्ष शब्दांत नव्हतं. ती वाकली की ओढणीचं टोक ज्योतीपासून किती लांब आहे, एवढंच मी बघत होते. ती परत येऊन माझ्या शेजारी बसली तेव्हा मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता. बेसमेंट आहे, म्हणून.

नंतर जेवण झालं. पाटवडी, रस्सा, भात. रेवा ताट घेऊन लहान मुलांत जाऊन बसली आणि त्यांना एकेक घास भरवायला लागली. ताट रिकामं झाल्यावर पुन्हा वाढून घेतलं, पुन्हा भरवलं.

"हिला बघा गं," वंदनाताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आजकालच्या मुली अशा असतात का? स्वतः खायच्या आधी लेकरांना घालते."

मला किती बरं वाटलं होतं.

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं. बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका अडकायचा. इथलं पाणी जड आहे. तिच्या हातांवर बारीक पिवळसर लव आली होती. वयात येणारी मुलगी आहे. सदा थंडी वाजायची. मिलिंद हीटिंग कमी ठेवतो. डबा शाळेतून रिकामा यायचा, धुतल्यासारखा स्वच्छ. विचारलं की "आय एट, आई," एवढंच. यातलं एकेक खरंच असू शकत होतं. मी ती सगळी एका ओळीत मांडून बघितली नव्हती. आणि नाचताना ती कधी नव्हे इतकी सुंदर दिसत होती, हेही खरं. काचेतून बघताना वाटायचं, हिचं वजनच गेलंय. ते शब्दशः खरं होतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मिस रूथनी मला आतल्या छोट्या खोलीत बोलावलं. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी यंत्रानं पानं उडवत होता. त्या घरघरीमुळे त्यांनी दार लावून घेतलं.

"रेवा ही भूमिका करणार नाही," त्या म्हणाल्या. "सध्या ती नाचणारच नाही."

"का?"

"कारण ती खात नाही."

"खाते. आमच्यासमोर खाते."

"आज काय खाल्लं, सांगा."

मी तोंड उघडलं. सकाळी ती टोस्ट घेऊन खोलीत गेली होती, होमवर्क आहे म्हणून. दुपारी म्हणाली, केटीकडे जेवले. काल रात्री पोळीचे ते तुकडे. मला एकही घास आठवेना. तोंडून आलं ते भलतंच.

"इतक्या वर्षांत तुमच्या स्टेजच्या मध्यभागी एक तरी सावळी मुलगी उभी राहिली का?" मी म्हणाले. "आता राहणार होती, तर तुम्हाला हे सुचलं?"

मिस रूथ रागावल्या नाहीत. "हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी तिची पाठ बघा."

त्यांनी रेवाला आत बोलावलं. ती आली, नेहमीसारखी स्वेटरमध्ये गुरफटलेली. मिस रूथनी तिला स्वेटर काढायला सांगितलं. ती हलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मिस रूथकडे बघत म्हणाली, "यू प्रॉमिस्ड मी."

"हो. ती माझी चूक झाली," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "ती गोष्ट मी तुम्हा मुलींना भीती वाटावी म्हणून सांगते. ती कोणाला हवीशी वाटेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही."

मग त्यांनी स्वतःच, फार हळुवारपणे, तो स्वेटर तिच्या डोक्यावरून काढला.

मुलीला न्हाऊ घालणं आपण एक दिवस थांबवतो, आणि त्यानंतर तिचं अंग आपल्याला दिसत नाही. तसंच असायला हवं. त्या आडोशामागे हे चाललं होतं. पाठीचे मणके कातडीखालून वर आलेले, प्रत्येकाच्या टोकावर जमिनीवरच्या व्यायामांनी झालेला काळसर डाग. खांद्यांची हाडं दोन बाजूंना उभी. ती खरोखरच पंखांसारखी दिसत होती, आणि तसं दिसावं म्हणूनच तिनं ते केलं होतं.

घरी येताना ती गाडीत मागे बसली. घराच्या वळणावर म्हणाली, "आय वॉज गोइंग टू बी परफेक्ट." रडत नव्हती. डोळे कोरडे होते, त्याचंच मला भय वाटलं.

पुढचे आठवडे नीट सांगता येत नाहीत. मी सुट्टी घेतली. डॉक्टर शोधले, त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, तारखा दिल्या. ताटासमोर आम्ही तिघं बसायचो आणि अन्न गार होत जायचं. मिलिंद आधी समजावायचा, मग विनोद करायचा, मग ओरडायचा आणि उठून गॅरेजमध्ये जाऊन उभा राहायचा. माझ्या पोरीला मी घास भरवायला गेले तर तिनं ओठ इतके घट्ट मिटले की पांढरे पडले. बाहेर झाडं एकेक करून मोकळी होत होती. फुटपाथच्या कडेला पानांच्या पिशव्या रांगेनं उभ्या, नगरपालिकेच्या गाडीची वाट बघत.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला त्या सकाळी शाळेला सुट्टी होती. रेवा आंघोळीला गेली. मी खाली भाजी चिरत होते. पाण्याचा आवाज येत होता, येतच राहिला. एका क्षणी माझ्या लक्षात आलं की त्या आवाजात बदलच होत नाहीये. अंगावर पाणी घेणारं माणूस आत असलं की आवाज तुटतो, वळतो. हा नुसता पाण्याचा होता.

"मिलिंद!" मी ओरडले. त्यानं जिना कसा चढला, मला दिसलं नाही. दार त्यानं खांद्यानं उघडलं.

हॉस्पिटलमध्ये तिला लगेच हृदयाच्या मॉनिटरला जोडलं. पडद्यावरची रेघ इतक्या सावकाश उठत होती की दोन उठण्यांच्या मधल्या सपाटीत मी दर वेळी मरून परत यायचे. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं. अंगात जाळायला चरबी उरलेली नाही. तेव्हा शरीर आता स्वतःचे स्नायू जाळतंय.

"आणि हृदय हाही स्नायूच आहे," त्या म्हणाल्या.

जाळतंय. त्यांनी हाच शब्द वापरला, बर्निंग. त्यांना आमची गोष्ट काहीच माहीत नव्हती.

नाकातून नळी घातलेली, मनगटं गादीवर पडलेली अशी ती झोपलेली असायची आणि आम्ही पाळीपाळीनं बसायचो. मला त्या दिवसांत पॅरिसच्या मुलीची नाही, तिच्या आईची आठवण यायची. म्हणतात, त्या तालमीला आईही थिएटरात होती. तिनं समोर बसून बघितलं. मग तिनं ते महिने कसे काढले असतील? औषधं लावताना, कूस बदलताना, मुलगी म्हणत असताना की बरी झाले तरी मी तो झगा घालणार नाही. आईनं त्यावर काय म्हटलं, ते मिस रूथच्या गोष्टीत नव्हतं. आया गोष्टीत फार काही म्हणत नाहीत. त्या खोलीत असतात, इतकंच.

एका दुपारी मिलिंद तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसला. हा माणूस देवधर्माचं कधी बोलत नाही. दीक्षेच्या दिवशीही बेसमेंटमध्ये मागे उभा राहतो. त्या दिवशी तो तिला मराठीत हळूहळू सांगायला लागला. सिद्धार्थ गौतमानं घर सोडल्यावर किती कडक उपास केले. पोट आणि पाठ एक झाली. नदीतून बाहेर यायची ताकद उरली नाही. आणि मग त्याला कळलं की शरीर मोडून काहीच मिळत नाही. सुजातानं खीर आणली तेव्हा त्यानं ती घेतली, सगळ्यांसमोर खाल्ली.

"त्याच्याबरोबरचे सगळे त्याला सोडून गेले," मिलिंद म्हणाला. "हा भ्रष्ट झाला म्हणून. तरी त्यानं खाल्लं, बेटा."

रेवानं डोळे उघडले. नळीमुळे तिचा आवाज घासल्यासारखा येत होता.

"बाबा, प्लीज," ती म्हणाली. "मला स्टोरी नको. डोन्ट मेक मी अ स्टोरी."

मिलिंदनं मान खाली घातली. त्यानं विचारलं, "मग काय करू?"

"जस्ट सिट," ती म्हणाली. "नुसता बस."

तो बसला. त्या दिवसापासून तो ऑफिस सुटलं की येऊन नुसता बसायचा, अंगावर कोट तसाच. त्या बसण्यानं काही झालं की नाही, मला माहीत नाही. नर्सनं आणलेल्या पेल्यातला पहिला घोट रेवानं घेतला तेव्हा मात्र तोच तिथं होता, आणि त्यानं हुशारी करून खिडकीबाहेर बघितलं.

डिसेंबरचा कार्यक्रम झाला, पण त्यात फुलपाखराचा नाच नव्हता. केटीला ती भूमिका द्यायचं ठरत होतं. मिस रूथनी तो भागच काढून टाकला. मुलींनी बर्फावरचा काहीतरी हलकाफुलका नाच केला म्हणे. हे सांगायला त्या स्वतः हॉस्पिटलात आल्या, बर्फातून, काठीवर पूर्ण रेलून. त्यांना तसं रेललेलं मी पहिल्यांदाच बघितलं. रेवानं त्यांच्याकडे पाठ केली. त्या तरी बसल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, तिच्या पाठीकडे बघतच बोलून गेल्या. तिसऱ्यांदा रेवा वळली आणि तिनं विचारलं, "शी वॉज गुड, राइट? ती खरंच चांगली नाचायची?"

"हो," मिस रूथ म्हणाल्या. "ती चाळिशीत कशी नाचली असती, हे कोणालाच बघायला मिळालं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. तिच्या मरण्यात काहीही सुंदर नव्हतं, रेवा. ते मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं."

त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी कुठल्या मुलींना सांगितली नाही. दोन वर्षांनी क्लास बंद करून त्या बहिणीकडे दुसऱ्या राज्यात निघून गेल्या.

रेवा मार्चमध्ये घरी आली. बरी होऊन नाही. बरं होणं सुरू करायला. रोजचं खाणं ठरवून दिलेलं होतं आणि ती खाईपर्यंत समोर बसायचं, हे माझं काम होतं. एका संध्याकाळी तिनं वरणाची वाटी भिंतीवर फेकली. "आय हेट यू," म्हणाली. मी भिंत पुसली आणि दुसरी वाटी भरून तिच्यासमोर ठेवली. ती रडत-रडत जेवली. तिला रडताना बघून मला पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी जगेल.

त्यानंतरही तो न खाण्याचा आजार एकदा परत आला. अकरावीत असताना, पुन्हा पानगळीतच. या वेळी आम्हाला ओव्हनचा वास आला आणि आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे होतो. ती स्वतःच गाडीत जाऊन बसली, आमच्याआधी.

ती आता नाचत नाही. व्हर्जिनियात कॉलेजला आहे, मैत्रिणींबरोबर राहते, काय शिकायचं ते दर सहा महिन्यांनी बदलते. मिलिंदला वाटतं, ते सगळं संपलं. मला तसं वाटत नाही. डॉक्टरांनीच एकदा सांगितलं होतं की हा आजार जातो म्हणजे दूर जाऊन उभा राहतो. मी लॅबमध्ये गोळ्या पाण्यात टाकते, त्या विरघळताना बघते, आणि बाहेर पानं लाल व्हायला लागली की मला त्या काचेच्या नळीतही तिचा चेहरा दिसतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती घरी येईल. दारातच मी तिला मिठी मारीन, आणि माझे हात आपोआप तिच्या पाठीवरून फिरतील. काय शोधतायत, हे तिलाही कळतं. ती क्षणभर जास्त उभी राहते.

परवा रविवारी दुपारी तिचा फोन आला. कुठल्याशा प्राध्यापकाबद्दल तक्रार करत होती. बोलता-बोलता मध्येच तिचे शब्द जाडसर झाले, अडखळले. एक कुरकुरीत आवाज आला, मग पुन्हा शब्द, मग पुन्हा तो आवाज. तोंडात घास होता.

काय खातेस, असं मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. प्राध्यापकाचं संपलं तेव्हा ती म्हणाली, "ओके आई, चल, ठेवते."

"थांब, थांब," मी म्हणाले. "ते शेजारचे आहेत ना, त्यांनी कुत्रा आणलाय."

"कसला कुत्रा?" कुरकुर. गिळण्याचा आवाज.

मी कुत्र्याचं सांगितलं. मग वंदनाताईंच्या नव्या घराचं. मिलिंद आत आला, माझा चेहरा बघून खुणेनं विचारायला लागला, काय झालं? मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. त्यानं ऐकलं. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. मला पुढे काही सुचेना, तेव्हा त्यानं गाडीच्या ब्रेकचं काढलं, मग हवामानाचं, मग गॅरेजच्या दाराचं. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिकडे ती चावत होती, आणि ते थांबेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं काहीही बोलत राहिलो.